देव पाण्यातून काढले तो दिवस

खरं सांगायचं तर त्या दिवसांत माझं देवाशी धड बोलणंच नव्हतं. ह्यांना कॅन्सर निघाला तो शेवटच्या स्टेजला. तीस वर्षं इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून काढलेली मी. रिपोर्ट वाचून मला काय कळायचं ते कळलंच होतं. तरी घरी आल्या आल्या, माझी आई करायची तसा, देव्हाऱ्यातला पितळी बाळकृष्ण उचलला आणि पाण्यात बुडवून ठेवला. हे बरे झाल्याशिवाय तुला बाहेर काढणार नाही, म्हटलं. बस तिथेच! लोक ह्याला साकडं म्हणतात. माझी मात्र सरळ दमदाटी होती.

ह्यांची हौस वेगळीच. रिटायर झाल्यावर घेतलेल्या मोटरहोममधून, त्या चाकांवरच्या घरातून, एकदा स्कॉटलंडचे डोंगर बघायचे होते. मुलगी ओरडली, मी ओरडले, पण ऐकतील तर ते हे कसले! निघालो. बाळकृष्णाला घरी एकट्याला कसं ठेवणार, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात पाण्यासकट बरोबर घेतला. पहिले आठ दिवस इतके छान गेले, की मूर्खासारखं मला वाटायला लागलं, देव घाबरला बहुतेक.

नवव्या दिवशी सकाळी ह्यांना उठवेना. हात गार, डोळे खोल गेलेले. वॉर्डात शंभरदा पाहिलेलं, ते आता माझ्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "अहो, अँब्युलन्स बोलावते," म्हटलं, तर मनगट धरून म्हणाले, "नको गं. मग इथल्याच हॉस्पिटलात जाईन. मला घरी ने. आपल्या खोलीत." दुखण्याचं औषध पाजलं, त्यांना मागच्या बेडवर झोपवलं आणि स्टिअरिंगवर बसले. मी आयुष्यभर छोटी ऑटोमॅटिक गाडी चालवलेली, तीही टेस्कोच्या दुकानापर्यंत. हे धूड मी कधी हलवलंसुद्धा नव्हतं, आणि घर जवळजवळ पाचशे मैलांवर.

डोंगरातल्या वळणांवर तासभर कशीबशी चालवली. मग समोरून लाकडाचे ओंडके भरलेली लॉरी आली. ती इतक्या जवळून गेली की बाजूचा आरसा खाडकन तुटून पडला. पुढे रस्त्याकडेला एक चहाची गाडी दिसली, तिथे थांबले. मागे जाऊन ह्यांच्यापाशी बसले आणि रडू फुटलं. म्हटलं, "मला नाही हो जमत."

हे डब्याकडे बघत होते. म्हणाले, "अगं, त्याला बाहेर काढ. किती दिवस कोंडून ठेवशील?"

मी चिडलेच. "काढणार नाही. तुम्ही बरे झाला नाहीत अजून."

"मी बरा होणार नाहीये. तुला माहितीये ते."

इतक्या महिन्यांत आमच्यापैकी कुणी हे तोंडातून काढलं नव्हतं. मी झाकण उघडलं. बाळकृष्ण टी टॉवेलने पुसला आणि ह्यांच्या छातीवर ठेवला. त्याला एवढंच म्हणाले, बाबा रे, हरले मी. आता तुझं तू बघ.

दारावर टकटक झाली. बाहेर सत्तरीची एक बाई, पाठीवर सॅक. मोराग तिचं नाव. बहिणीकडे ग्लासगोला जायला बसची वाट बघत चहा पीत होती, आणि माझी गाडी कशी हेलपाटत आली ते तिने पाहिलं होतं. "पंचवीस वर्षं मी ह्याच रस्त्यावर टूरिस्टांची बस चालवलीय," म्हणाली. "कुठे जायचंय तुम्हाला?" मी रडत रडत सगळं सांगितलं. तिने आत डोकावून ह्यांच्याकडे पाहिलं, ते छातीवरचे देवही पाहिले. म्हणाली, "माझा नवरा गेला तेव्हा मी टूरिस्ट घेऊन दूर कुठेतरी होते. आण ती किल्ली." इन्शुरन्सबिन्शुरन्स विचारायची शुद्ध कुणाला होती!

डोंगर संपून ते अफाट ओसाड माळरान लागलं, तेव्हा मी ह्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. खिडकीतून बघत म्हणाले, "किती मोकळं आहे गं." वाटेत एक मुक्काम करून दुसऱ्या दिवशी दुपारी मोरागने आम्हाला ब्रिस्टलला दारात आणून सोडलं. एक कप चहा प्यायली, फोन नंबर लिहून दिला आणि स्टेशनवर निघून गेली.

हे तिसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यांच्या खोलीत, त्यांच्या बिछान्यावर, एक हात माझ्या हातात आणि दुसरा मुलीच्या. दिवस झाल्यावर मी मोरागला फोन केला. तिने एवढंच विचारलं, "घरीच ना?" मी म्हटलं, "हो, घरीच." मग दोघीही फोनवर नुसत्या रडत राहिलो.

तिला कुणी पाठवलं ह्यावर मी कुणाशी वाद घालत नाही. घर खायला उठतं. देवावर माझा राग अजून आहे, आणि पूजा करताना मी त्याला तो ऐकवतेही. पण हात जोडले की हेही सांगते: मी मागितलं ते तू दिलं नाहीस, ह्यांनी मागितलं ते मात्र दिलंस. मागणं त्यांचंच खरं होतं.