शुक्रवारचे शेवटचे दोन तास

माझी नात चौथीत होती तेव्हा तिच्या वर्गात एका सोमवारी सात पवनचक्क्या आल्या. सातही थर्माकोलच्या. सातही पवनचक्क्यांच्या पात्यांना तोच पोपटी रंग, पायथ्याशी तोच हिरवा भुसा आणि त्या भुशात एकेकच प्लॅस्टिकची गाय. आमच्या घरची पवनचक्की माझ्या मुलाने आदल्या संध्याकाळी मुलुंड स्टेशनजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानातून आणली होती. दुकानदाराने विषयही विचारला नव्हता, "चौथी ना? हे घ्या," एवढेच म्हणाला होता. नातीने त्या गाईच्या पुढ्यात एक चिठ्ठी चिकटवली आणि सुवाच्य अक्षरात लिहिले, 'मी स्वतः तयार केलेला प्रकल्प'. बाईंनी तसे लिहायला सांगितले होते.

मी एका महामंडळाच्या विधी विभागात चौतीस वर्षे मसुदे लिहिले. दुसऱ्याने केलेली वस्तू आपली म्हणून सही करून सादर करणे याला कायद्यात काय म्हणतात, ते मला ठाऊक आहे. कलमांचे आकडे अलीकडे बदलले. पाप तेच आहे. नऊ वर्षांच्या मुलीकडून शाळेने पहिले खोटे प्रतिज्ञापत्र लिहून घ्यावे आणि घरच्यांनी त्यासाठी दुकानातून पुरावा विकत आणून द्यावा, हे मला सहन होणे शक्य नव्हते. त्याच दुपारी मी मुख्याध्यापिकांना चार पानी पत्र लिहिले, एक प्रत शिक्षण विभागाला माहितीस्तव पाठवली आणि पोच घेतल्याशिवाय शाळेच्या फाटकावरून हललो नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांचा फोन आला. बाई पन्नाशीच्या, मूळच्या देवगडकडच्या आणि बोलायला अजिबात न कचरणाऱ्या.

"काका, तुमचं पत्र वाचलं. चारही पानं खरी आहेत."

मी पाचव्या पानाच्या तयारीत होतो.

"पण मला एक सांगा, हाताने काम शिकवायला माणूस कुठून आणू? हस्तकलेच्या बाई निवृत्त झाल्या, ती जागा अजून भरलेली नाही. तुम्हाला खिळा ठोकता येतो का?"

"येतो," मी म्हणालो. मी उभ्या आयुष्यात खिळा ठोकलेला नव्हता. आमच्या घरात ते काम पत्नीकडे आहे. परंतु संतापाच्या भरात दिलेला जबाब हाही जबाबच असतो, आणि तो मला बांधील करून गेला. शुक्रवारचे शेवटचे दोन तास, जिन्याखालची अडगळीची खोली आणि मदतीला शाळेचे शिपाई, असे ठरले.

शिपायांना सगळी शाळा मामा म्हणते. मामांचे वडील परळच्या एका गिरणीत सुतारखात्यात होते. गिरणी गेली, पण वडिलांची हत्यारांची पेटी मामांकडे राहिली: दोन करवती, एक रंधा, पक्कड, हातोड्या, आणि मुठीकडे काळवंडलेला पण धारेकडे लखलखीत असा एक पटाश्यांचा संच. फळबाजारातून आंब्याच्या रिकाम्या पेट्या आल्या आणि आमचे लाकूड झाले.

मी माझ्या परीने पूर्वतयारी केली होती. पालकांसाठी नऊ कलमी संमतिपत्र तयार केले आणि त्याला सुरक्षा नियमांचे परिशिष्ट जोडले. त्या परिशिष्टाचा चौथा नियम मला विशेष समाधान देऊन गेला होता. 'खिळा धरणारी व्यक्ती आणि हातोडी मारणारी व्यक्ती या दोन स्वतंत्र व्यक्ती असतील, जेणेकरून प्रत्येकीस आपापल्या कर्तव्याकडे पूर्ण लक्ष देता येईल.' अधिकारांची विभागणी हा माझ्या मते कोणत्याही सुव्यवस्थेचा पाया आहे.

पहिल्याच शुक्रवारी प्रात्यक्षिकासाठी खिळा मी धरला आणि हातोडी नातीच्या हाती दिली.

"आजोबा, हलू नकोस हं."

"मी हलत नाही. तू मार."

तिने मारली. माझा आवाज वरच्या मजल्यावरच्या दुसरीच्या वर्गापर्यंत गेला असे नंतर कळले. वर्गातल्या अठ्ठावीस मुलांतून मागून कुणीतरी म्हणाले, "आजोबांची वाट लागली!"

मामा धावत आले. त्यांनी आधी माझा अंगठा बर्फात घातला, मग माझे परिशिष्ट वाचले.

"साहेबांनू, ह्यां कोणी लिवलां?"

"मी."

"आपलो आंगठो खिळ्याकडे आसलो काय हात आपसूक जपून पडता. दुसऱ्याचो आंगठो म्हटल्यावर कोण कशाक बघतलो?"

चौतीस वर्षांत माझ्या मसुद्यातले एखादे कलम इतक्या थोडक्या शब्दांत आणि इतक्या निर्णायकपणे कुणी रद्द केले नव्हते. मी चौथ्या नियमावर काट मारली आणि शेजारी आद्याक्षरी केली. डाव्या हाताने, कारण उजवा बर्फात होता. नात रडवेली झाली होती. मामांनी तिला नवा खिळा दिला. तिने तो स्वतःच्या दोन बोटांत धरला, हातोडी पार टोकाऐवजी जरा वरून पकडली, आणि टक टक टक अशा सुतारपक्ष्याच्या ठोक्यांनी सरळ आत घातला. माझा अंगठा बरा होईपर्यंत तीन आठवडे मी एकही पत्र लिहू शकलो नाही. आमच्या घरात हा काळ अजूनही आनंदाने आठवला जातो.

पुढचे शुक्रवार कसे गेले ते सांगताना मला माझ्या नेहमीच्या सुरात बोलता येत नाही, कारण तक्रारीला जागाच उरली नव्हती. मुलांनी वाकडे खिळे दगडावर ठेवून सरळ केले. गळक्या नळाचे वायसर बदलले. हलणाऱ्या बाकाखाली पाचर मारायची ठरली, तेव्हा 'आधी जमीन सपाट आहे का ते बघ ना यार' हा मुद्दा एका मुलीने काढला, आणि तो बरोबर निघाला: बाक ठीक होते, फरशी खचलेली होती. त्या दिवशी मला कळले की पुरावा तपासायला ही मुले माझ्याआधी शिकली.

खरे काम मात्र निघाले ते पिण्याच्या पाण्याच्या नळाशी. पहिलीतल्या मुलांचा हात त्या नळापर्यंत पोचत नसे. ती कट्ट्यावर पोटाने लोंबकळत, चोचीसारखे तोंड पुढे करत आणि निम्मे पाणी गणवेशावर घेऊन वर्गात परतत. एका मुलाने सुचवले की आपण त्यांना पायरी करू. हा मुलगा बोलायला कमी आणि हाताने नेमका. लाकडावर पेन्सिलीची रेघ मारली की करवत त्या रेघेवरून केसभरही ढळू देत नसे. पायरीचे चार पाय कापायचे काम साहजिकच त्याच्याकडे गेले. त्याने तीन कापले. तिसऱ्याच्या शेवटी करवत निसटली आणि तर्जनीला लागली. जखम छोटी होती, पट्टीत मावली. पण मुलाचे वडील वकील होते.

सोमवारी शाळेकडे तीन पानी पत्र आले. मुख्याध्यापिकांनी ते माझ्यापुढे ठेवले. बारा मुद्दे होते. हत्यारे हाताळण्यासाठी वयोमर्यादा काय? प्रथमोपचार पेटी कुठे आहे? डोळ्यांना चष्मे का नाहीत? दर आठवड्याला शाळेत येणारी ही बाहेरची व्यक्ती कोण, तिची पात्रता काय, आणि तिची पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली आहे काय? आणि शेवटचे दोन: अशा कामाची शाळेत गरज काय, आणि त्यातून मुले शिकतात काय? मी ते दोनदा वाचले. पहिल्या वाचनाला माझा रक्तदाब वाढला. दुसऱ्या वाचनाला मला कबूल करावे लागले की बारापैकी दहा मुद्दे निरुत्तर करणारे आहेत आणि मसुदा नमुनेदार आहे. क्रमांकन शुद्ध, एकही विशेषण जास्तीचे नाही. मी त्या जागी असतो तर हेच लिहिले असते. कदाचित इतके नीट नसते.

"काका, संस्थेच्या बैठकीपर्यंत शुक्रवार बंद," बाई म्हणाल्या. "माझ्या हातात नाही. आणि बैठकीत कुणी धीर नाही केला, तर पुन्हा पवनचक्क्या."

म्हणजे शुक्रवार गेले, तर 'मी स्वतः तयार केलेला प्रकल्प' ही चिठ्ठीही परत येणार होती. मी घरी येऊन लिहायला बसलो. दोन दिवसांत अकरा पाने झाली. मुलांच्या शिक्षणाचा हक्क, श्रमाची प्रतिष्ठा, पालकांची सही असलेले नऊ कलमी संमतिपत्र, सगळे त्यात आले. नातीने ती पाने माझ्या टेबलाशी उभ्याउभ्या चाळली.

"आजोबा, यात पायरीचं कुठे लिहिलंयस?"

मी शोधले. अकरा पानांत पायरी नव्हती.

मी ती अकरा पाने पाठवली नाहीत. हे माझ्या स्वभावाला धरून नव्हते, म्हणून येथे नोंदवतो. वकीलसाहेबांना दोन ओळींची चिठ्ठी दिली: आपले दहा मुद्दे मान्य आहेत, उरलेल्या दोनांसाठी मधल्या सुट्टीत शाळेत यावे.

ते आले. चाळिशीचे, व्यवस्थित भांग, हातात फाईल. मी त्यांना कार्यालयात न बसवता थेट पाण्याच्या नळाशी नेले. घंटा झाली आणि पहिलीचा वर्ग सुटला. दोन वेण्या घातलेली एक चिमुरडी कट्ट्यावर चढू लागली, घसरली, पुन्हा चढली, कोपराने नळ उघडला आणि नाकापासून बेंबीपर्यंत भिजली. तिला त्यात काहीच वावगे वाटले नाही. तोंड पुसत ती निघून गेली.

"हे रोजचं?" त्यांनी विचारले.

"रोजचं."

मग मामांनी जिन्याखालची खोली उघडली. तीन पायांची पायरी भिंतीला टेकून ठेवली होती. वकीलसाहेबांनी कापलेल्या टोकावरून अंगठा फिरवला.

"हे माझ्या मुलानं केलं?"

"तिन्ही."

"घरी तर याला पेन्सिलीला टोक करता येत नाही."

मुलगा दारात येऊन उभा होता, हे आमच्या लक्षात आले नव्हते. "पेन्सिलीला आई टोक करून देते, म्हणून," तो म्हणाला. मग वडिलांकडे न बघता म्हणाला, "चौथा राहिला. तुम्ही पत्र लिहिलंत ना, म्हणून राहिला."

वडिलांनी फाईल या हातातून त्या हातात घेतली. मला वाटले, आता ते पत्र मागे घेतील, आणि तसे झाले असते तर मला ते आवडले नसते.

"पत्र मागे घेणार नाही," ते म्हणाले.

"घेऊच नका," मी म्हणालो. "अटी घाला. आम्ही पाळतो."

"सगळ्या? पोलीस पडताळणीसुद्धा?"

"ती सर्वांत आधी."

बोललो खरा, परंतु आमच्या पोलीस ठाण्याशी माझे संबंध काय आहेत, हे मी त्यांना सांगितले नाही. लग्नाच्या हॉलचे फटाके, पदपथावर लावलेल्या दुचाक्या, नाक्यावरचा ध्वनिवर्धक, यांसंबंधी मी त्या ठाण्याला वर्षानुवर्षे लिहीत आलो आहे, आणि ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्याविरुद्ध त्यांच्या वरिष्ठांनाही लिहीत आलो आहे. मुलाने अर्ज ऑनलाईन भरला. आठवड्याने मला बोलावणे आले. बैठक चार दिवसांवर होती आणि प्रमाणपत्राशिवाय माझ्या बाजूने बाईंना तोंड उघडता येणार नव्हते.

टेबलामागच्या हवालदारांनी माझे नाव वाचले आणि मान वर केली.

"तुम्हीच का ते?" त्यांनी आतल्या कपाटातून एक फुगलेली फाईल आणून धपकन ठेवली. "हे सगळं तुमचं अक्षर. मी इथे बदलून आलो, तेव्हा साहेबांनी पहिल्यांदा हीच वाचायला दिली."

"त्यातल्या चौदा पत्रांना उत्तर नाही," मी म्हणालो. मला गप्प बसता आले नाही.

"माहीत आहे हो. आता कुठे जायचंय? परदेशात?"

"चौथीच्या वर्गात."

त्यांनी पेन खाली ठेवले. मी सगळे सांगितले.

"म्हणजे सुतारकाम तुम्ही शिकवता?"

"सुतारकाम मामा शिकवतात. मी हजेरी घेतो आणि वाकडे खिळे सरळ करतो."

"मग पडताळणी त्यांची हवी ना?"

"ते शाळेचे कर्मचारी आहेत. त्यांची झालेली आहे."

हवालदार बराच वेळ फाईल चाळत राहिले. शेवटी त्यांनी ती मिटली. "कमाल आहे. या परिसरातल्या प्रत्येक माणसाविरुद्ध तुमची तक्रार आहे, तुमच्याविरुद्ध मात्र एकाचीही नाही." आणि त्यांनी माझ्या अर्जावर आपला अहवाल लिहून वर पाठवला. प्रमाणपत्र बैठकीच्या सकाळी माझ्या मुलाच्या मोबाईलवर आले. बाई त्याची छापील प्रत घेऊन आत गेल्या. मी बाहेरच्या बाकावर बसलो. आत मला प्रवेश नव्हता, आणि तो नसणे नियमानुसार होते. वीस मिनिटांनी बाई बाहेर आल्या.

"प्रथमोपचार पेटी, डोळ्यांना चष्मे, दर शुक्रवारी आळीपाळीने एक पालक हजर. पहिला नंबर वकीलसाहेबांनी स्वतः लावून घेतलाय. बाकी, काका, चालू."

त्या शुक्रवारी प्रमाणपत्र मी वर्गापुढे वाचून दाखवणार होतो. विद्यार्थ्यांना आपल्यासमोर कोण उभे आहे ते जाणून घेण्याचा हक्क आहे, असे माझे मत आहे. पण वाचायचा आग्रह नातीने धरला. अठ्ठावीस मुले नव्या चष्म्यांमागून टकामका बघत होती. वकीलसाहेब कोपऱ्यात शर्टाच्या बाह्या दुमडत होते.

"'सदर व्यक्तीविरुद्ध कोणतीही प्रतिकूल नोंद आढळून आलेली नाही,'" तिने अडखळत वाचले. "म्हणजे आजोबा, तू चांगला आहेस, असं लिहिलंय?"

"नाही. मी वाईट असल्याची नोंद नाही, असं लिहिलंय. दोन्हींत फरक आहे, आणि तो समजून घेणं आवश्यक आहे, कारण—"

"आजोबा," पट्टी निघालेल्या बोटाने तो मुलगा चौथ्या पायाच्या लाकडावर पेन्सिलीची रेघ ओढत होता. त्याने मानही वर केली नाही. "ते नंतर सांगा ना. आधी करवत द्या."

मी करवत दिली.