टेलरकाकूंच्या मागची खारफुटी

खाडीकाठच्या बैठ्या घरांच्या रांगेत टेलरकाकूंचं घर शेवटचं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, मागच्या दाराबाहेर खारफुटी. भरतीचं पाणी त्या झाडांच्या मुळांत घुटमळायचं आणि आल्या पावली परत जायचं. काकूंना त्याचं फार कौतुक होतं असं नाही. लग्न होऊन आल्यापासून उंबऱ्याला कधी पाणी लागलं नव्हतं, एवढंच त्यांना ठाऊक.

मग धाकट्या दिरानं डंपर घेतला आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा खारफुटीत ओतायला सुरुवात केली. शेजारी खूश झाले. डास जातील, गाड्या लावायला जागा होईल. काकू आडव्या आल्या तेव्हा दीर हसला.

"वहिनी, चिखल आहे तो. चिखलासाठी कुणी भांडतं का?"

काकूंनी नगरपालिकेत तक्रार केली, ती तिथेच मुरली. भरावानं भरतीची वाट बुजली. झाडं उभ्या उभ्या वाळली, तसे लोक तिथे घरातली घाणही टाकायला लागले.

त्या वर्षीच्या वादळात खाडी घरात शिरली, तीही गटाराला सोबत घेऊन. शिवायला आलेले शाळेचे गणवेश मैल्यात भिजले. मशीनच्या पायडलमध्ये केसांचे गुंते अडकले. पिठाच्या डब्यात मेलेली घूस निघाली.

दुसऱ्या दिवशी गमबूट घालून, नाकाला रुमाल लावून दीर आला. उंबरा उंच करून घ्या म्हणाला. काकू खराट्यानं फरशी घासत होत्या.

"आधी रुमाल काढा, भावोजी. हे तुमचंच आहे."

त्यानं रुमाल काढला आणि दारातच ओकला. काकूंनी तेही धुतलं. पुढे कित्येक दिवस त्या घास तोंडात घालण्याआधी हाताचा वास घेत. दिराच्या घरचं पाणीही त्यांना नकोसं झालं.

बाजूच्या पट्ट्यात भरती पोचत होती, तिथली झाडं जिवंत होती. ते पाहून काकू आणि त्यांची सून ओहोटीच्या वेळी घमेली घेऊन भराव उकरायला लागल्या. मदत सोडाच, एका शेजारणीनं त्यांच्या देखत तिथे कचऱ्याची पिशवी भिरकावली.

शेवटी दीरच खोदायचं मशीन घेऊन आला. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. पुढच्या पावसाळ्यात त्याच्याही घरात पाणी शिरलं होतं आणि बायको माहेरी निघून गेली होती. त्यानं राडारोडा उचलला, पाण्याला वाट करून दिली. काकूंनी त्याला चहा विचारला नाही.

जिवंत झाडांच्या लांबट शेंगा भरतीबरोबर वाहत आल्या, चिखलात रुतल्या, रुजल्या. काही वर्षांत कमरेच्या वर रान झालं. नंतरच्या एका वादळात पाणी अंगणापर्यंत येऊन थबकलं.

आता तेच शेजारी तिथे उभे राहून फोटो काढतात, पाहुण्यांना 'आमचं जंगल' दाखवतात. परवा एका कोवळ्या फांदीवर वापरलेला डायपर लटकत होता. रांगेत तान्हं मूल एकाच घरात. काकूंनी तो चिमट्यानं उचलला आणि त्या घराच्या कडीला नेऊन अडकवला. आतून बाई आली, कसला घाण वास येतोय म्हणाली.

"तुमच्याच घरचा," काकू म्हणाल्या आणि हात धुवायला निघून गेल्या.