शिवकन्याचं पाठ झालेलं गणित

शिवकन्याला गणित पाठ आहे. येतं असं मी म्हणत नाही, पाठ आहे. पुसेगावच्या पलीकडच्या वाडीतून ही पोरगी सायकलवर आमच्या शाळेत येते, दहावीला आहे, आणि सव्वीस जानेवारीचं दोन पानी भाषण एका दमात ठोकते. गाव टाळ्या वाजवतं, सरपंच बक्षीस देतात. त्या टाळ्यांनीच घात केला. तिला वाटलं, गणितही असंच ठोकायचं असतं.

नववीपर्यंत तिचं भागलं, कारण चाचणीत पुस्तकातलीच गणितं जशीच्या तशी यायची. यंदा ती माझ्या हाताखाली आली आणि मी आकडे बदलले. बाप-लेकाच्या वयांची बेरीज गाईडात पन्नास होती, मी बासष्ट केली. शिवकन्याने मोत्यासारख्या अक्षरात समीकरणं मांडली, पायऱ्या लिहिल्या, खाली चौकट आखून उत्तर दिलं: वडील अडतीस, मुलगा बारा.

"अगं, वरची बारा वर्षं कुठं गेली?" मी विचारलं.

"सर, गाईडमधी असंच हाय."

भूमितीत तर कहर. प्रश्नातल्या आकृतीत त्रिकोण पीक्यूआर, हिच्या सिद्धतेत एबीसी. एबीसी कुठाय म्हटलं तर म्हणाली, "बाजूला काढते ना सर!" भिंत जवळ होती, डोकं आपटावं असं वाटलं.

बरं, आळशी म्हणावं तर पहाटे उठून गणितं घोकते. ढ तर मुळीच नाही. विहिरीवरची मोटर बंद पडली की मिस्त्री यायच्या आत हीच उघडून बसते. तिला दहावीनंतर हिंगोलीला पॉलिटेक्निकला जायचंय. बोर्डात गणित हुकलं तर तो रस्ताच बंद, आणि बोर्ड काही गाईड उघडून आकडे घालत नाही. चीड येते ती यामुळं.

मग शाळा सुटल्यावर मी तिला थांबवून घ्यायला लागलो. गाईड दप्तरात, दप्तर बाहेर ओट्यावर. कोरा कागद, एक गणित. अडलं तरी मी सांगणार नाही. सुरुवातीला ती नुसती रडायची. "सर, एकदा सोडवून दावा ना, मी पाठ करते!" मी ओरडलो. मग माझीच मला लाज वाटली म्हणून बाहेर जाऊन पाणी प्यायलो, परत आलो, तर कागद कोराच.

पुढच्या चाचणीत तिला वीसपैकी नऊ पडले. पण नऊच्या नऊ तिचे स्वतःचे. चुकलेल्या गणितांतसुद्धा तिनं डोकं चालवलेलं दिसत होतं. मी खूश. तिच्या घरी मात्र सुतक.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील सोमेश्वर हळदीचं काम टाकून थेट शाळेत आले. हात कोपरापर्यंत पिवळे.

"सर, पैकीच्या पैकी घेणारं लेकरू व्हतं माझं. काहून असं केलं तुमी? क्लासवाले सोडवलेली गणितं देतात, समदं पाठ करून घेतात. सोमवारपासून तिकडंच टाकतो तिला."

"खुशाल टाका," मीही तडकलो. "पण आधी तिला एक गणित सोडवताना बघा."

शिवकन्याला बोलावलं. फळ्यावर मी कुठल्याच गाईडात नसलेलं गणित लिहिलं. तिनं खडू उचलला, एक समीकरण मांडलं, दुसरं अर्धं मांडलं आणि थांबली. भाषणात कधी न थांबणारी लेक अशी फळ्यापुढं मुकी उभी राहिलेली सोमेश्वरांना बघवेना. त्यांनी तिचं दप्तर उघडलं, गाईड काढलं, घाईघाईनं पानं उलटली आणि एका गणितावर बोट ठेवलं.

"हे बघ, तसंच हाय. एक्स बराबर बारा. लिही."

"बाबा, ते दुसऱ्या गणिताचं हाय," ती वळून न बघता म्हणाली. "अडलंय मला. अडू द्या जरा."

"अन् परीक्षेत अडलीस तर? बोर्ड थांबणार हाय का तुझ्यासाठी?"

"न्हाई थांबणार. म्हणून तर हितं अडू द्या म्हणते."