शिंग्रोबाचा राहिलेला नारळ

लोधिवलीच्या पदू हिरू म्हात्रे यांनी आयुष्यात बैलांच्या कित्येक जोड्या घेतल्या आणि मोटार एकच. बैल घेताना ते कोणाच्याही शब्दावर विसंबत नसत. भरलेली गाडी जोडून जनावर चढावर घालायचे, चढ संपेपर्यंत त्याच्या नाकपुड्या पाहायच्या आणि मगच किमतीचे बोलणे काढायचे, ही त्यांची रीत होती. सपाटीवर कोणताही बैल चांगलाच चालतो, असे ते मला सांगत होते. मोटार घेताना मात्र त्यांनी ती सपाटीवरच पाहिली. असे का झाले, हे शोधताना मी ही हकिगत तिघांकडून ऐकली: स्वतः पदू म्हात्रे, त्यांच्या पत्नी येसूबाई आणि भिसेगावात गॅरेज असलेले कान्हा भोईर. तिघांच्या सांगण्यात जिथे फरक पडतो, तिथे तो मी तसाच ठेवला आहे. हकिगत त्यांच्या तिशीतली आहे, आणि गावात आजही दोघांना पदू आणि कान्हा असेच ओळखतात. म्हणून पुढे मीही एकेरीच लिहितो.

पदूची जमीन पाताळगंगेच्या काठी. नदीला उन्हाळ्यातही पाणी असल्यामुळे भातानंतर भेंडी, काकडी, गवार असा भाजीपाला निघे. चौकच्या बाजारात सगळ्यांचीच भाजी एकदम येई आणि भाव पडे. वर लोणावळ्यात मात्र उन्हाळ्यात बंगले आणि हॉटेले माणसांनी भरत, आणि ताज्या भाजीला मागणी असे. तिथल्या एका भाजीवाल्या व्यापाऱ्याने पदूला सांगितले होते की रोज सकाळी माल पोचवणार असशील तर सगळा हंगाम तुझाच माल घेईन. बैलगाडीने बोरघाट चढून सकाळी लोणावळे गाठणे शक्य नव्हते. म्हणून १९६७ च्या दसऱ्याच्या सुमारास पदूने बैलजोडी विकली, साठवलेले पैसे त्यात घातले आणि एक जुनी पिकअप घ्यायचे ठरवले.

कान्हा हा त्याच्याच आळीतला. दोघे एका वयाचे, एका शाळेतून एकाच वर्षी पळालेले. कान्हा कर्जतच्या एका गवताच्या व्यापाऱ्याकडे गाड्यांची दुरुस्ती करी. त्या व्यापाऱ्याचे नाव मी देत नाही. ते हयात नाहीत आणि त्यांची बाजू मला ऐकता आली नाही. त्यांच्या वखारीत लष्कराच्या लिलावातून आलेली एक पिकअप विकायला होती. पदूला मोटारीतले काही कळत नव्हते आणि ते तो लपवतही नव्हता. त्याने कान्हाला एवढेच विचारले, की गाडी घाट चढेल ना? कान्हा म्हणाला, चढेल. पुढचे सगळे या एका शब्दावर उभे होते.

नवी गाडी घेतली की खालापूरकडचे लोक ती घाटात शिंग्रोबाच्या ठाण्यापर्यंत नेतात आणि तिथे नारळ फोडतात. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचे हे ठाणे. वाट कळल्यावर ज्यांना ती दाखवली त्यांनीच त्याला मारले, असे सांगतात. या गोष्टीला कागदोपत्री आधार मला अद्याप मिळालेला नाही. परंतु येता-जाता ठाण्यावर नाणे न टाकणारा चालकही मला भेटलेला नाही. पदूने अर्थातच शिंग्रोबाचे नाव काढले. त्यावर कान्हा म्हणाला की गाडी कर्जतात घेतली, कडावचा गणपती हाकेवर, नारळ तिथेच फोडू. बोलणे रास्त होते. कर्जत ते कडाव रस्ता सरळ आणि सपाट. कान्हाने स्वतः गाडी चालवली, पदू शेजारी बसला. गाडीचा आवाज इतका मऊ होता की पदूने परत येताना मागे बसलेल्या येसूबाईला खिडकीतून ओरडून विचारले, झोप लागली काय गं?

गाडीचा पहिला माल म्हणजे कान्हाचेच पत्रे. त्याच महिन्यात कान्हाने नोकरी सोडून भिसेगावात स्वतःची गॅरेजची शेड घातली. जागा त्या गवताच्या व्यापाऱ्याची होती, आणि ती कान्हाला कशी मिळाली हे कोणी विचारले नाही. पदूने पत्रे, वासे, लोखंडी बाक सगळे आपल्या पिकअपमधून वाहून दिले आणि भाडे घेतले नाही. मित्राचे बरे झाले म्हणून त्याने वखारीतल्या हमालांना पेढे वाटले, असे येसूबाई सांगतात.

त्यानंतर गाडी एकेक दुखणे काढू लागली. प्रथम रेडिएटर गळू लागला. पदूने इतर चालकांचे पाहून त्यात मूठभर हळद टाकली. गळती काही दिवस थांबली, पुन्हा लागली, आणि अखेर रेडिएटर डाख लावून बुजवायला काढावा लागला. मग चौकच्या खड्ड्यांत चाकावरच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, मुख्य पट्टा तुटला. तो बदलतो न बदलतो तोच पुढची चाके वेग घेताच थरथरू लागली. चाके पेलणारे किंगपिन आणि त्यांचे बुश झिजलेले निघाले, साठेक रुपये गेले. क्लचची प्लेट घसरू लागली, तिचे तेवढेच. सर्वांत मोठा खर्च पिस्टनच्या रिंगांचा. इंजिन पेट्रोलच्या जोडीने तेलही पीत होते आणि मागे निळा धूर सोडत होते. त्या कामाला दीडशेच्या वर लागले. जुन्या गाडीला हे सगळे लागतेच, यात संशय घेण्यासारखे काही नाही. मी ज्या ज्या जुन्या चालकांशी बोललो त्यांनीही तेच सांगितले.

संशय घ्यायचाच तर दोन गोष्टींचा घ्यायला हवा होता. पहिली म्हणजे प्रत्येक दुरुस्तीनंतर पदूने घाटाचे नाव काढले की कान्हाला आणखी काहीतरी आठवे. रेडिएटर भरवशाचा नाही, घाटात पाणी उकळेल. किंगपिन बदलले, पण ब्रेक अजून बघायचे आहेत. रिंगा नव्या आहेत, त्या रुळू देत. दुसरी गोष्ट म्हणजे कान्हा फक्त सुट्या भागांचे पैसे घेई, मजुरी घेत नसे. पदूने आग्रह केला तर तो मान खाली घालून पाना फिरवत राही. पदूने याचा अर्थ आपल्या परीने लावला. चौकच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत, जिथे गाडीचा विषय निघेल तिथे तो सांगे की असा दोस्त मिळायला नशीब लागते. येसूबाईला मात्र ते खटकत होते. तिने एकदा नवऱ्याला म्हटले होते, "फुकट राबणारा मानूस एकतर येडा आसतो, न्हायतर त्याला काय तरी फेडायचं आसतं." पदूने तिच्याशी दोन दिवस बोलणे टाकले.

एप्रिल लागला, भेंडी तयार झाली आणि लोणावळ्याच्या व्यापाऱ्याचा निरोप आला. कान्हा म्हणाला, आठ दिवस थांब. भेंडी आठ दिवस थांबत नाही. पदूने पहाटे माल भरला आणि कान्हाला न सांगता निघाला. खोपोली मागे पडली, चढ लागला, आणि गाडीचा आवाज बदलला. आधी कण्हल्यासारखा, मग जात्यात खडे पडल्यासारखा. गिअर आपोआप सुटू लागला; पदूने तो एका हाताने दाबून धरला. शिंग्रोबाच्या अलीकडच्या वळणावर आतून काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि गाडी थांबली. मालट्रकवाल्यांनी ती ढकलून कडेला लावली. ऊन वर आले तशी भेंडी पाट्यांमध्ये मलूल होत गेली.

खोपोलीहून आलेल्या मिस्त्रीने गिअरबॉक्सच्या तळाचे बूच काढले. तेलाबरोबर काळपट लगदा बाहेर आला. मिस्त्रीने तो बोटांत चोळला, हुंगला आणि विचारले, "गाडी सुताराकडनं घेतली काय रं?" तो लाकडाचा भुसा होता. गिअरच्या झिजलेल्या दात्यांचा आवाज दाबण्यासाठी दाट तेलात भुसा कालवून भरतात. सपाटीवर काही काळ गाडी लोण्यासारखी चालते आणि मग तोच भुसा तेलाच्या वाटा बुजवतो, बेअरिंग जळतात. विकणाऱ्यांची ही जुनी लबाडी मिस्त्रीला माहीत होती. त्याने एक प्रश्न विचारला. गाडी घेताना घाटात नेली नव्हती का? भुसा भरलेली गाडी चढावर लगेच ओरडते.

पदू मला म्हणाला की त्या क्षणी त्याला भुसा दिसत नव्हता. त्याला कडावच्या देवळाचा सपाट रस्ता दिसत होता.

तरीही त्याने स्वतःला एक वाट ठेवली. कदाचित कान्हालाही माहीत नसेल. गवताच्या व्यापाऱ्याने दोघांनाही फसवले असेल. जुने दाते आणि बेअरिंगे भंगार बाजारातून मिळवून गाडी कशीबशी चालती करायला तीन आठवडे गेले. तिसऱ्या गिअरचे दाते मिळालेच नाहीत, ते तसेच राहिले, आणि आवाज गेला नाही. तोवर लोणावळ्याच्या व्यापाऱ्याने दुसऱ्याचा माल धरला होता. गाडी चालू झाली त्या दिवशी पदूने वाटेत एक नारळ घेतला आणि भिसेगावच्या शेडसमोर गाडी उभी केली.

"शिंग्रोबाचा नारळ राहिलाय रं," तो कान्हाला म्हणाला. "चल."

कान्हाने हात पुसले आणि गाडीत बसला. कोठे चाललो आहोत आणि का, हे दोघांनाही कळले होते, असे दोघेही सांगतात. पळसदरी गेली, खोपोली गेली. घाट लागताच गिअरबॉक्स ओरडू लागला. पदूने बोलण्याचा प्रयत्नच केला नाही. कान्हा पुढे टेकून पायांखालच्या पत्र्याकडे पाहत होता. एका वळणावर त्याचा हात नकळत पुढे आला. "दुसऱ्यात घे," तो म्हणाला, "तिसऱ्याचं दातं गेल्यात."

पदूने गिअर बदलला. तिसऱ्याचे दाते गेलेत हे त्याने कान्हाला सांगितले नव्हते. मिस्त्री तर कान्हाला भेटलाही नव्हता.

ठाण्यापाशी पदूने इंजिन बंद केले. शांतता झाल्यावर कान्हाच बोलला.

"भुसा मीच भरला. शेटनं सांगितलं, जागा देतो. तवा गाडी कोन घेनार ते मला ठाव नव्हतं."

"मंग कळल्यावर?"

याचे उत्तर कान्हाने ना त्याला दिले, ना मला. गिऱ्हाईक पदू आहे हे कळल्यावरही आपण "चढेल" का म्हणालो, या ठिकाणी त्याचे बोलणे प्रत्येक वेळी थांबते. शेटची भीती होती, जागेचा शब्द मोडला असता, दुरुस्ती करत करत गाडी सुधारता येईल असे वाटले होते. अशी तीन कारणे त्याने मला तीन भेटींत दिली. ती तिन्ही खरी असू शकतात. कोणतेही पुरेसे नाही, हे त्याच्याही लक्षात आलेले दिसले.

पदूने खिशातून रुमालात बांधलेले पैसे काढले आणि कान्हापुढे धरले. आजवरच्या सगळ्या कामांच्या मजुरीचा चालू दराने हिशेब त्याने खोपोलीच्या मिस्त्रीकडून करवून घेतला होता.

"नको रं पदू," कान्हा म्हणाला. "येवढं तरी माझ्याकडं ऱ्हाऊ दे."

"तेच न्हाय ऱ्हाऊ देनार. तू मजुरी घेतली न्हाय म्हनून मी गावभर तुझं नाव घेत फिरलो. आता घे."

कान्हा मागे सरला. तेव्हा पदू जे म्हणाला ते दोघांनीही मला शब्दशः सारखेच सांगितले. या हकिगतीत असे दुसरे काही नाही.

"न्हाय घेतलंस तर मला जलमभर तुजा उपकार मानाया लागंल."

कान्हाने पैसे घेतले. तो घाट उतरून चालत खोपोलीला गेला. पदूने गाडी तशीच वर नेली, लोणावळ्यापर्यंत, रिकामी. चढते का, एवढेच त्याला पाहायचे होते. ती चढली.

दोघे पुन्हा बोलले नाहीत. कान्हाची शेड आज पक्की आहे, आणि नव्या गिऱ्हाइकाने जुनी गाडी दाखवायला आणली की तो ती घाटात नेल्याशिवाय मत देत नाही. चालक त्याला प्रामाणिक म्हणतात. मी हे पदूला सांगितले, तेव्हा त्याने पान लावणे थांबवले नाही.

पिकअप पुढे दोन वर्षे चौक आणि कर्जतच्या सपाटीवर चालली आणि मग भंगारवाल्याने नेली. विकताना पदूने त्याला आधी घाटात फिरवून आणले. भंगारवाला हसला, त्याला लोखंडाचे वजन हवे होते, आवाजाशी त्याचे काही देणेघेणे नव्हते.

नारळाबाबत मात्र साक्षी जुळत नाहीत. पदू म्हणतो, घाट उतरताना तो कान्हाच्या हातात होता. कान्हा म्हणतो, पदूने तो परत घेतला. येसूबाई म्हणतात की नारळ सीटखालीच राहिला होता आणि गाडी वळली की या कडेहून त्या कडेला गडगडत असे. एका सणाला खवायला म्हणून त्यांनी तो काढायला हात घातला, तेव्हा नवरा म्हणाला, ऱ्हाऊ दे त्याला. पुढे तो गाडीबरोबरच भंगारात गेला. ठाण्यावर तो फुटला असे तिघांपैकी कोणीही म्हणत नाही.