काढायची, पण पुसायची नाही

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट मी त्यांना नकार देण्यात संपली. शनिवार पेठेतल्या आमच्या श्राव्य ग्रंथालयात अंध विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके ध्वनिमुद्रित होतात. सॉफ्टवेअर कंपनीतली नोकरी सोडल्यावर ताई वाचक म्हणून आवाजाची चाचणी द्यायला आल्या. भूगोलाचा धडा त्यांनी असा वाचला, की पुढच्या वाक्यात गाडी उशिरा धावत असल्याबद्दल दिलगिरी येईल असे वाटावे. व्यवस्थापक या नात्याने मी ते जमेल तितक्या सभ्यपणे सांगितले. त्या मुळीच रागावल्या नाहीत.

"बरं. मग तुमचा सर्व्हर कोण बघतं?"

"देव," मी म्हणाले.

"त्याला जरा विश्रांती द्या. उद्यापासून मी येते."

त्या आल्या, आणि आज वयाच्या साठाव्या वर्षीही येत आहेत.

सर्व्हर म्हणजे कुठल्याशा दूरच्या इमारतीतला भाड्याचा संगणक. मुले मोबाइलवर पुस्तक ऐकतात ते तिथून येते. कधीतरी उत्साहाच्या भरात आम्ही त्याला अवाढव्य डिस्क घेऊन ठेवली होती. ती बरीचशी रिकामी, पण भाडे मात्र पूर्ण जागेचे. खर्च उतरला नाही तर महिनाअखेर सेवा बंद करायची, असे विश्वस्तांनी ठरवले, आणि तेही परीक्षा तोंडावर आलेल्या असताना. एखादे बटण दाबले की डिस्क लहान होत असेल, अशी माझी समजूत होती. ताई म्हणाल्या, "मोठी करायला बटण आहे. लहान करायला नाही." नवी लहान डिस्क घ्यायची, सगळे सामान तिच्यात उतरवायचे आणि सुरू होताना तिच्याकडेच बघायला संगणकाला शिकवायचे. यातले शेवटचे काम नाजूक असते. प्रत्येक डिस्कला स्वतःचा ओळख क्रमांक असतो, आणि संगणक जागा होताना तोच शोधत येतो.

एका रविवारी दुपारी ते काम झाले. कार्यालयात ताई, मी आणि आमचे खजिनदार जोगळेकर होतो. शिवाय कात्रजहून बी.ए.ची विद्यार्थिनी रोहिणी आली होती. तिला ताईंनी मुद्दाम बोलावले होते. त्यांचे म्हणणे असे, की काम झाले की नाही हे ऐकणाऱ्याने सांगायचे असते, करणाऱ्याने नाही. संगणक सुरू झाला. रोहिणीने मोबाइल कानाला लावला आणि ओरडली, "लागला! इतिहासाचा धडा लागला!"

जोगळेकर खुर्चीतून उठलेच. "वा! आता ती जुनी डिस्क पुसून टाका. तिचं भाडं उद्यापासून कशाला?"

"काढते," ताई म्हणाल्या. "पण पुसत नाही."

त्यांनी इथूनच, पडद्यावरून, जुनी डिस्क संगणकापासून सोडवली आणि संगणक पुन्हा सुरू करायला घेतला. तो सुरू झालाच नाही. रोहिणीच्या कानाशी नुसती शांतता. ती हळूच म्हणाली, "उद्या पेपर आहे हो ताई."

"अहो, चांगलं चाललं होतं," जोगळेकर म्हणाले. "त्याला पाडून बघायची काही नड होती का?"

"चाललं नव्हतं. जुनीच्या जिवावर चालल्यासारखं दिसत होतं." ताईंचा आवाज भूगोलाचा धडा वाचतानाचाच होता. नव्या डिस्कवरच्या सूचनांत जुनीचा क्रमांक तसाच राहिला होता. जुनी शेजारीच जोडलेली असल्यामुळे संगणक गुपचूप तिच्यावरच चालला होता, आणि आम्ही नवीचे कौतुक करत होतो. जोगळेकरांचे ऐकून जुनी पुसली असती, तर पुढच्या वेळी बंद पडलेला संगणक उठला नसता आणि परतायला वाटही उरली नसती. "चूक माझी आहे. क्रमांक बदलायचा राहिला," त्या म्हणाल्या, आणि कामाला लागल्या. आपली चूक इतक्या सहज सांगणारे माणूस मी आमच्या पेठेत तरी दुसरे पाहिलेले नाही.

दुरुस्ती झाली, संगणक पुन्हा सुरू केला. ताई पडद्याकडे पाहत नव्हत्या, रोहिणीकडे पाहत होत्या. रोहिणीची मान किंचित कलली. "आला, ताई." त्यावर ताईंनी तो आणखी एकदा बंद करून सुरू करायला लावला. जुनी डिस्क परीक्षा संपेपर्यंत तशीच राखली. पाहुणे कधी जाणार, हे विचारतात त्या आवाजात जोगळेकर तिची चौकशी करत राहिले. सेवा आजही चालू आहे.

ताईंच्या मायेबद्दल बोलावे तर त्या उठून जातील, म्हणून एवढेच लिहिते. माझे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले तेव्हा डोळ्यांवर पट्टी होती आणि घरात मी एकटी. ताई रोज सकाळी फोनवर वर्तमानपत्र वाचून दाखवत, अग्रलेखापासून निधनवार्तांपर्यंत सगळे त्याच उद्घोषणेच्या सुरात. ज्या आवाजाला मी नापास केले होते, त्याची त्या दिवसांत मी घड्याळाकडे कान लावून वाट पाहत असे.

रोहिणी आता ग्रंथालयातच नोकरी करते. पडद्यावरचे वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या मदतीने सर्व्हर सांभाळायला तिला ताईंनीच शिकवले. परवा ताईंच्या साठीनिमित्त काय करावे अशी चर्चा निघाली, तेव्हा त्यांनी शाल-श्रीफळ नाकारले आणि वेगळीच भेट मागितली. दाराजवळच्या खुर्चीत त्या हात बांधून बसल्या. मदतीचा एक शब्दही न बोलता त्यांनी रोहिणीला सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करायला लावला. मध्ये ती अडली, आम्ही सगळ्यांनी ताईंकडे पाहिले. ताई खिडकीबाहेर पाहत राहिल्या. मग रोहिणीचे तिलाच सापडले. धडा सुरू झाला.

"ताई," ती म्हणाली, "आता तुम्हाला काढलं तरी चालतंय हो."

ताई इतक्या हसल्या, की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मला मात्र हसू आले नाही. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडून काय मागून घेतले, हे तेव्हा मला कळले.

शरयूताई, आपली परीक्षा आम्ही उत्तीर्ण झालो, आपल्यावाचून चालते हे सिद्ध झाले. आता आपलाच नियम आपल्याला लागू करते. आपल्याला कामातून काढू, पण पुसणार नाही. आपली खुर्ची दाराजवळ तशीच राहील. आपण निरोगी राहा, खूप वर्षे राहा, आणि रोज सकाळी मला एक फोन करत जा. माझे डोळे आता उत्तम आहेत, तरीही.