ढोमण्यांचा रूळ

नरहरी ढोमण्यांची उभी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये, ड्रॉइंग ऑफिसात गेली. रिटायर झाले तरी हातातली पट्टी सुटली नाही. दुर्गाबाई तर नवऱ्याला म्हणायच्या, तुमी भाकरीपण मोजून खासान.

म्हणून मराठी मंडळानं बोधचिन्ह बदलायचं ठरवलं तेव्हा ते काम त्यांच्याच गळ्यात पडलं. जुन्या चिन्हाचा थाट काय विचारता! एखाद्या देशाचं राजचिन्ह असावं तसं. ढाल, दोन बाजूंना सिंह, मधे डोंगरी किल्ला. पण त्यांची मुलगी मृणाल, इथल्याच सेक्टर दोनच्या क्वार्टरात जन्मलेली, तिनं मंडळाचा बिल्ला कधी लावला नाही.

"बाबा, ये सब आप लोगों का है. मी ना किल्ला पाहिला, ना सिंह. मंग कावून लावू?"

हे नरहरींना फार लागलं होतं. पोरगी आपल्यातून चालली, असंच वाटायचं त्यांना. नवा बिल्ला तिनं आपणहून मागावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांनी ढाल तेवढी ठेवली. सिंह हाकलले आणि तिथं धानाच्या लोंब्या काढल्या. जन्मभर इथलाच भात खाल्ला, त्याची लाज कसली? किल्ल्याच्या जागी भट्टीची चिमणी आली.

मीटिंगमध्ये एकानं विचारलं, किल्ला कुठं गेला? नरहरी म्हणाले, पाहिला कोणी? एकच हात वर झाला, तोही एलटीसीच्या सवलतीत सहलीला जाऊन आलेल्याचा. पण शेजारच्या चरोद्याचे पंजाबराव, रेल्वेतले जुने गार्ड, चिमणी पाहून उखडले.

"वा रे वा! प्लांटवाले तेवढे मराठी. आमी रेल्वेवाले काय पाहुणे आहो?"

म्हाताऱ्याचं खरंच होतं. नरहरी तोंड पाडून घरी आले, जेवले, आणि हात धुता धुता त्यांना सुचलं. रूळ! प्लांटात बनतो, रेल्वे त्यावर चालते. रूळ आडवा कापला की जसा दिसतो तसाच त्यांनी ढालीत उभा केला.

पुढच्या मीटिंगला मृणालनं त्यांना स्कूटीवर सोडलं आणि ती दारातच थांबली. पंजाबराव रूळ पाहून खूश झाले. तेवढ्यात कोणीतरी खो खो हसलं. सवयीनं नरहरींनी रुळाच्या चारी बाजूंना बाणाच्या रेघा ओढून मापं टाकली होती, डोक्याची, कमरेची, पायाची.

"ढोमणे, मंडळाले रूळ बनवून देता का?"

सगळे हसत सुटले. नरहरींचे कान तापले. खोडून टाकतो म्हणत त्यांनी रबर काढलं.

"खोडू नका," मृणाल आत आली. "लहानपणी बाबाच्या ड्रॉइंगवरूनच मी मराठीत आकडे म्हणायला शिकली. आपल्या घरचं मराठी म्हणजे हेच. मापं ठेवत असान तर मले एक बिल्ला द्या, मी लावते."

पंजाबरावांनीच नरहरींच्या हातातलं रबर काढून घेतलं.