सरोजाक्का आणि पडणारी दांडी

"भ्या वाटलं की पोटात काय होतं गे तुझ्या?"

मैदानावर नवी मुलगी आली की सरोजाक्का तिला पहिला प्रश्न हा विचारायची. नाव, शाळा, आधी कुठे खेळलीस, हे सगळं नंतर. मुलगी गोंधळायची. बहुतेकजणी मान ताठ करून सांगायच्या, "मला नाही भीती वाटत." अक्का म्हणायची, "असू दे. वाटली की सांग," आणि तिला मैदानाला फेऱ्या मारायला पाठवायची.

मी मात्र खरं सांगून टाकलं. म्हटलं, "मळमळतं. आणि पाय माझे राहत नाहीत." अक्काचा चेहरा खुलला. "पाय कुठून जातात? गुडघ्याखालून की वरून?" डॉक्टरनं दुखणं विचारावं तसं तिनं माझं भय तपासून घेतलं. घरी, शाळेत सगळे मला घाबरट म्हणून मोकळे होत. त्या भीतीची चौकशी करणारी ही पहिलीच बाई मला भेटली होती.

सरोजाक्का म्हैसुरातल्या जुन्या रंगाऱ्यांच्या घरातली. आजोबांच्या नखांतला निळा रंग कधी गेलाच नाही, असं ती सांगायची. तिच्या पिढीपर्यंत तो धंदा संपला होता. ती म्हैसुरातल्याच हेब्बाळ भागातल्या कारखान्यात नोकरी करायची. संध्याकाळी कंपनीच्या बसमधून आमच्या बोगादीला उतरायची, पदर कमरेला खोचायची, चपला काढून बूट चढवायची आणि आम्हा मुलींना उंच उडी शिकवायला मैदानात शिरायची. तरुणपणी ती स्वतः उडी मारायची. त्याबद्दल विचारलं की म्हणायची, "सरावात चांगली होते गे. स्पर्धेच्या दिवशी अंग तेवढं मैदानात, मन घरी पळालेलं. त्याला हाक मारून परत आणता येतं, हे कुणी सांगितलंच नाही मला."

माझं मन पळालं ते जिल्ह्याच्या स्पर्धेत. दांडी होती ती मी रोज हसतखेळत ओलांडायचे त्याच उंचीवर. नाव पुकारलं गेलं, मी खुणेवर उभी राहिले, आणि पाय जमिनीला चिकटले. वेळ संपली, पंचांनी लाल निशाण वर केलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्यांदा कशीबशी धावले आणि उडी न मारता दांडीखालून सरळ पलीकडे गेले. बघणारे हसले. अप्पा त्या गर्दीतच उभे होते.

"साकु," अप्पा घरी आल्यावर म्हणाले. कन्नडमधला हा 'पुरे' आमच्या घरात शेवटचा शब्द असायचा. "उद्यापासून दुकानात बस. शिवण शीक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सरोजाक्का आमच्या शिवणाच्या दुकानात आली. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. अप्पांनी मशीन थांबवली नाही.

"अण्णा, बेंगळुरूच्या खुल्या स्पर्धेपर्यंत द्या मला तिला."

"लोक हसले, अक्का." अप्पांचा पाय आता थांबला. "माझ्या पोरीला लोक हसलेलं मला बघवत नाही."

"मला तरी कुठं बघवलं? पण हसणारे जाणार कुठं हो? उद्यापासून मीच बोलावते त्यांना."

अप्पांनी बेंगळुरूपुरती मान हलवली. आणि तिनं खरंच बोलावलं. बोगादीत संध्याकाळी फिरायला निघणाऱ्या बायका अक्काच्या ओळखीच्या. त्यांना तिनं मैदानाच्या पायऱ्यांवर आणून बसवलं. "मंजू खुणेवर उभी राहिली की तोंडाला येईल ते ओरडा," असं सांगितलं. बायका आधी लाजल्या. मग घरून चकल्या घेऊन यायला लागल्या. मी उभी राहिले की एकजण "बीळताळे, बीळताळे!", म्हणजे पडणार बघा, असं ओरडायची आणि बाकीच्या टाळ्या पिटायच्या. पहिल्या संध्याकाळी मी रडले. पुढे त्यांतली एखादी आली नाही तर मीच विचारायला लागले, की त्या मावशी आज कुठे राहिल्या.

एकदा अक्कानं दांडी इतकी वर लावली की आमच्यातल्या कुणालाही ती ओलांडता येणं शक्य नव्हतं. "आज कुणी ओलांडायची नाही. नुसती पाडायची. तो आवाज कानात बसू दे." आम्ही एकामागून एक धावलो आणि पाडत सुटलो. धाडकन आवाज, मग हसू, मग पुन्हा दांडी जागेवर. अंधार पडायला आला तेव्हा अक्का म्हणाली, "नोडे मंजू, बघ, या खेळात पहिली आलेली पण शेवटी दांडी पाडूनच घरी जाते. जिंकली तरी थांबत नाही ना ती, आणखी वर लावते आणि पाडते. मग तू कशाला एवढं मनाला लावून घेतेस?"

खुणेवर काय करायचं, तेही तिनं शिकवलं. श्वास लांब सोडायचा. तळपायाखालची जमीन ओळखायची. होतंय ते स्वतःला खरं सांगायचं आणि त्याच्या पाठोपाठ कामाचं एक वाक्य जोडायचं. माझं वाक्य ठरलं: "पाय कापतायत, कापू देत. पहिलं पाऊल डावं."

बेंगळुरूला अप्पाही बरोबर आले होते. सकाळीच मी ओकले. अक्कानं पाठ चोळली, पाणी दिलं. "परवागिल्ला, काही बिघडत नाही. उडी मारायला पोट लागत नाही." मैदानात नाव पुकारलं गेलं आणि पाय गुडघ्याखालून गेले, नेहमीसारखे. मी श्वास सोडला, माझं वाक्य पुटपुटले आणि डावं पाऊल टाकलं. दांडी पडली. आवाज ओळखीचा होता. त्या धाडकन आवाजानं मला एकदम घरच्यासारखं वाटलं, हे कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. दुसऱ्या खेपेला मी पलीकडे होते आणि दांडी वर होती. मग पुढची उंची, मग त्याच्या पुढची. त्याआधी कधीच न ओलांडलेल्या उंचीवरून मी गेले तेव्हासुद्धा पाय कापतच होते.

मी चौथी आले. पदक नाही. परतीच्या बसमध्ये अप्पा अक्काच्या शेजारी येऊन बसले. वाटेतलं मद्दूर मागे पडल्यावर त्यांनी तिला विचारलं, "पुढची स्पर्धा कधी आहे?" अक्कानं उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते.

पुढे मी पदकंही मिळवली, पण अक्कानं त्यांचं फार कौतुक कधी केलं नाही. आता मी एका शाळेत खेळ शिकवते. अक्का निवृत्त झाली, आणि गुडघ्यांनी दगा दिल्यावर मागच्या वर्षी धारवाडला मुलीकडे राहायला गेली. निघताना स्टेशनवर आम्ही सगळ्या रडत होतो आणि ती आमच्यावर खेकसत होती. मला वाटलं, मैदानाशिवाय ही बाई जगेल कशी.

महिन्याभरापूर्वी तिचा फोन आला. धारवाडची थंडी, नातवाचे हट्ट, मुलीच्या हातचं अळणी सारू, सगळं सांगून झालं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाली, "मंजू, इथं शेजारच्या मैदानावर एक पोरगी सापडलीय. धावते. स्पर्धा म्हटली की ताप येतो तिला, खरा ताप."

"मग?"

"मग काय गे? मनापासून खेळते म्हणून तर येतो. उद्यापासून जाणार आहे मी. खुर्ची नेईन बसायला."